टॉल्किन वाचून झाला, आता पुढे काय? या एका प्रश्नावर अख्खं आयुष्य घालवलेल्या लिन कार्टरची गोष्ट

समजा तुम्हाला फँटसीचं वेड लागलंय. लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचून झालंय, हॅरी पॉटरची पारायणं झालीयेत, गेम ऑफ थ्रोन्स तर दोनदा बघून झालंय. आता काहीतरी नवं हवंय. दुकानात जाता किंवा ऑनलाइन शोधता. समोर येतं सातशे पानांचं जाडजूड पुस्तक. लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नाही आणि वर बारीक अक्षरात लिहिलंय, सात भागांच्या मालिकेतला भाग पहिला.

घ्यायचं की नाही?

पैसे जातील ते एक, पण महिनाभराचा वेळही जाणार. शंभर पानांनंतर कळलं की हा लेखक आपल्या पठडीतला नाही, तर काय करायचं?

यावर एक साधा उपाय आहे. शितावरून भाताची परीक्षा. त्या लेखकाची एक छोटी कथा आधी वाचायची. आवडली तर कादंबरी घ्यायची, नाही आवडली तर वीस पानांत सुटका. अशा वेगवेगळ्या लेखकांच्या निवडक कथा एकत्र करून जे पुस्तक निघतं त्याला इंग्रजीत अँथॉलॉजी म्हणतात. आपण दिवाळी अंक चाळताना नकळत हेच करतो. एखाद्या अनोळखी नावाची कथा आवडते आणि मग आपण त्याचं पुस्तक शोधायला लागतो.

फँटसीच्या जगात हा उपाय ज्या माणसाने सगळ्यात जास्त मनावर घेतला, त्याचं नाव लिन कार्टर. लेखक म्हणून त्याची टिंगल झाली, संपादक म्हणून त्याने चुकाही केल्या. पण विस्मरणात गेलेले कितीतरी लेखक आज वाचायला मिळतात, त्यामागे या माणसाचा मोठा हात आहे.

फ्लोरिडातलं पुस्तकवेडं पोरगं

लिनवुड व्रूमन कार्टरचा जन्म ९ जून १९३० चा. गाव सेंट पीटर्सबर्ग. रशियातलं नव्हे, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं.

त्याच्या लहानपणी अमेरिकेत पल्प मासिकांची चलती होती. स्वस्त, खरखरीत कागद, भडक मुखपृष्ठ आणि आत भुतं, राक्षस, तलवारबाज आणि परग्रह. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मासिक म्हणजे वियर्ड टेल्स. ते १९२३ मध्ये सुरू झालं आणि १९५४ मध्ये बंद पडलं. कोनान या रांगड्या योद्ध्याचा जनक रॉबर्ट हॉवर्ड, भयकथांचा बादशहा एच. पी. लव्हक्राफ्ट आणि शब्दांची आतषबाजी करणारा क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ, हे तिघेही याच मासिकातून पुढे आले.

पण या मासिकांचं दुखणं असं की महिना संपला की अंक रद्दीत जायचा. त्यातल्या कथांची पुस्तकं क्वचितच निघायची. लेखक गेला की त्याच्याबरोबर त्याचं लिखाणही गेलं.

पोरगेल्या कार्टरला या कथांनी झपाटलं. ओझच्या जादूगाराच्या गोष्टी आणि टारझनकार एडगर राइस बरोज हे त्याचे आधीपासूनचे लाडके होतेच. मासिकांच्या वाचकपत्रांच्या पानांवर लिन कार्टर हे नाव दिसायला लागलं. कोणती कथा भारी, कोणती फसली, अमुक लेखकाला पुन्हा का छापत नाही, अशी त्याची पत्रं असायची.

पुढे त्याला सैन्यात जावं लागलं. कोरियातल्या युद्धात त्याने पायदळात नोकरी केली. परत आल्यावर काही काळ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि मग जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या धंद्यात शिरला. दिवसा जाहिराती लिहायच्या आणि उरलेल्या वेळात जुनी पुस्तकं गोळा करायची, असा त्याचा क्रम बनला.

जाहिरातीतल्या त्या वर्षांची शिदोरी त्याला पुढे कामी आली. चार ओळींत एखादी वस्तू घ्यावीशी कशी वाटायला लावायची, हे तो तिथे शिकला होता. पुढे त्याने हीच कला मेलेल्या लेखकांसाठी वापरली.

१९६५ साली दोन गोष्टी घडल्या

पहिली गोष्ट कार्टरच्या घरातली. त्याची पहिली कादंबरी आली, द विझर्ड ऑफ लेमुरिया. नायक थाँगॉर, हातात तलवार, अंगात बळ. वाचणाऱ्याला लगेच कळायचं की हा कोनानचाच चुलतभाऊ आहे.

दुसरी गोष्ट सगळ्या अमेरिकेत गाजली. टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज तोपर्यंत महागड्या कापडी बांधणीत मिळायचं. एस बुक्स या प्रकाशनाने कायद्यातली पळवाट पकडून लेखकाच्या परवानगीशिवाय त्याची स्वस्त आवृत्ती काढली. मग बॅलंटाइन बुक्सने टॉल्किनची परवानगी असलेली अधिकृत स्वस्त आवृत्ती बाजारात आणली. या भांडणाने पुस्तकाची एवढी चर्चा झाली की कॉलेजची पोरं ते हातात मिरवत फिरायला लागली.

बॅलंटाइन बुक्स चालवणारं जोडपं होतं इयान आणि बेटी बॅलंटाइन. बेटी यांचा जन्म भारतातला, फैजाबादचा. टॉल्किनच्या खपामुळे या दोघांना एक गोष्ट कळून चुकली. लाखो वाचकांना अशा पुस्तकांची चटक लागली होती, पण टॉल्किन काही दर वर्षी नवं पुस्तक लिहिणार नव्हता. मग वाचकांना द्यायचं काय?

त्यांनी ई. आर. एडिसन, मर्विन पीक, डेव्हिड लिंडसे अशा जुन्या लेखकांची पुस्तकं छापून पाहिली. पण अशी आणखी पुस्तकं कुठे दडलीयेत हे माहीत असणारा माणूस हवा होता.

तेवढ्यात कार्टर स्वतःच त्यांच्या दारात आला. त्याने टॉल्किनवर एक अभ्यासपुस्तक लिहिलं होतं. टॉल्किन आभाळातून पडला नाही, त्याच्यामागे वीरगाथा, दंतकथा आणि विस्मरणात गेलेल्या लेखकांची लांबलचक परंपरा आहे, असं त्यात सांगितलं होतं. ते पुस्तक बॅलंटाइनने १९६९ मध्ये छापलं. आणि ज्याला ही परंपरा एवढी तोंडपाठ आहे, त्यालाच तिचा संपादकीय सल्लागार नेमलं.

शिंगवाल्या घोड्याचं चिन्ह

मे १९६९ मध्ये मालिका सुरू झाली. नाव बॅलंटाइन अडल्ट फँटसी. अडल्ट म्हटल्यावर भुवया उंचावू नका. हे परीकथांसारखं पोरांचं वाचन नाही, मोठ्यांसाठी लिहिलेलं साहित्य आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

पहिलं पुस्तक फ्लेचर प्रॅटचं द ब्लू स्टार. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात युनिकॉर्नचं, म्हणजे कपाळावर एक शिंग असलेल्या घोड्याचं डोकं. पुढच्या पाच वर्षांत हे चिन्ह साठहून जास्त पुस्तकांवर लागलं. लॉर्ड डन्सेनी, विल्यम मॉरिस, जेम्स ब्रँच कॅबेल, जॉर्ज मॅकडोनाल्ड अशी एकेक नावं बाहेर येऊ लागली. यातले बरेच जण कधीच वारले होते.

कार्टर प्रत्येक पुस्तकाला प्रस्तावना लिहायचा. प्राध्यापकी थाटाची नव्हे. शेजारी बसून, डोळे मोठे करून, हे वाचाच असं सांगणाऱ्या मित्रासारखी. लेखक कोण, कसा जगला, हे पुस्तक कसं हरवलं आणि वाचकाने त्यात काय शोधायचं, हे सगळं चार-पाच पानांत.

पण कार्टरपुढे एक अडचण होती. ज्या वाचकाने फक्त टॉल्किन वाचलाय, त्याच्या हातात एकदम मॉरिसची जुन्या वळणाच्या इंग्रजीतली कादंबरी दिली तर तो दहा पानांत ती मिटेल. डन्सेनीची चव वेगळी, कॅबेलची वेगळी, स्मिथची आणखी वेगळी. कुणाला काय रुचेल हे आधीच कसं कळणार?

इथे अँथॉलॉजी कामाला आली.

आधी चव घ्या, मग ताट वाढा

ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्टरने एकाच वेळी दोन संग्रह काढले.

पहिला होता ड्रॅगन्स, एल्व्ह्ज अँड हीरोज. यात टॉल्किनच्याही आधीचा ऐवज होता. बेओवुल्फ हे प्राचीन इंग्रजी वीरकाव्य, फिनलंडचं कालेवाला, वेल्समधल्या मध्ययुगीन कथा, उत्तर युरोपातली व्होल्सुंग गाथा. आपल्याकडे सोहराबबरोबर ज्याचं नाव घेतलं जातं, त्या शाहनाम्यातल्या रुस्तुमाचीही गोष्ट त्यात होती. टॉल्किनच्या बटूंची आणि ड्रॅगनची मुळं कुठे आहेत, ते वाचकाला थेट कथेतूनच दिसायचं.

दुसरा संग्रह द यंग मॅजिशियन्स. यात विल्यम मॉरिसपासून पुढचे, म्हणजे आधुनिक फँटसी घडवणारे लेखक ओळीने बसवले होते. डन्सेनी, एडिसन, कॅबेल, लव्हक्राफ्ट, स्मिथ, जॅक व्हॅन्स आणि शेवटाकडे टॉल्किनच्या सहसा न मिळणाऱ्या दोन कविता. टॉल्किनचं नाव बघून पुस्तक उचलणारा वाचक त्या कवितांपर्यंत येता येता अर्धा डझन अनोळखी लेखकांना भेटून जायचा.

प्रत्येक कथेआधी कार्टरची छोटी टिपण असायची. हा माणूस कोण, त्याचं आणखी काय वाचण्यासारखं आहे, हे त्यात असायचं. म्हणजे कथा आवडली की पुढची पायरी कोणती, ते वाचकाला शोधत बसावं लागायचं नाही. बऱ्याचदा त्या लेखकाचं पूर्ण पुस्तक त्याच मालिकेत आलेलं असायचं किंवा येऊ घातलेलं असायचं. वाचकाची सोय आणि प्रकाशकाचा धंदा, दोन्ही एकाच दगडात.

ही युक्ती कशी चालायची याचा नमुना बघायचा तर १९७२ चा डिस्कव्हरीज इन फँटसी हा संग्रह घ्या. यात चारच लेखक होते आणि चौघंही जवळपास विस्मृतीत गेलेले. रिचर्ड गार्नेट हा ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला विद्वान. ईडन फिलपॉट्स हा इंग्लिश कादंबरीकार, ज्याने कोवळ्या वयातल्या अगाथा ख्रिस्तीला लिहिण्यासाठी प्रोत्साहन दिलं होतं. तिसरा डोनाल्ड कॉर्ली नावाचा अमेरिकन. आणि चौथा अर्नेस्ट ब्रामा.

ब्रामाने काई लुंग नावाचा एक भटका कथेकरी रंगवला होता. काल्पनिक चीन, अतिशय नम्र आणि तितकीच खवचट भाषा आणि गोष्टी सांगून संकटातून सुटणारा नायक. हे प्रत्येकाला रुचेल असं नाही. पण संग्रहातल्या दोन कथा वाचल्या की वाचकाला स्वतःलाच कळायचं की आपल्याला हे झेपतंय की नाही. ज्याला झेपलं त्याच्यासाठी त्याच वर्षी बॅलंटाइनने काई लुंगचं अख्खं पुस्तक बाजारात आणलं. पुढच्या वर्षी आलेल्या लघुकादंबऱ्यांच्या दुसऱ्या संग्रहात ब्रामा आणि फिलपॉट्स दोघंही पुन्हा दिसले.

आधी दोन कथा, मग एक लघुकादंबरी, मग पूर्ण पुस्तक. अनोळखी लेखकाशी ओळख वाढवण्याचा असा शिस्तीत जिना कार्टरने बांधला होता.

मेलेली म्हणून छापली, निघाली जिवंत

विसरलेल्या लेखकांच्या शोधात काही विचित्र प्रकारही घडले.

१९३६ मध्ये इव्हँजेलिन वॉल्टन नावाच्या लेखिकेची एक कादंबरी आली होती. वेल्समधल्या माबिनोगी या मध्ययुगीन कथाचक्राच्या चार शाखा आहेत. त्यातली चौथी शाखा तिने आधुनिक कादंबरीत सांगितली होती. पुस्तक खपलं नाही आणि विसरलं गेलं. १९७० मध्ये कार्टरच्या मालिकेत ते द आयलंड ऑफ द मायटी या नव्या नावाने आलं. लेखिका हयात आहे याची तोपर्यंत प्रकाशकांना कल्पनाच नव्हती.

नंतर कळलं की वॉल्टनबाई चांगल्या ठणठणीत आहेत. एवढंच काय, उरलेल्या शाखांवरचं कामही त्यांनी तेव्हाच करून ठेवलं होतं. पहिलंच पुस्तक आपटल्यामुळे ते कुणी छापलं नव्हतं. मग १९७१, १९७२ आणि १९७४ मध्ये तीन पुस्तकं आली आणि चारही शाखा पूर्ण झाल्या. साठी ओलांडल्यावर बाईंना वाचक मिळाले. १९८९ मध्ये त्यांना वर्ल्ड फँटसी अवॉर्डचा जीवनगौरव मिळाला.

होप मर्लीस यांची गोष्ट मात्र एवढी गोड नाही. त्यांची लड-इन-द-मिस्ट ही १९२६ ची कादंबरी आज फँटसीतली अभिजात मानली जाते. १९७० मध्ये ती कार्टरच्या मालिकेत पुन्हा आली, पण लेखिकेच्या परवानगीशिवाय. प्रकाशकांना त्यांचा ठावठिकाणा लागला नव्हता. मर्लीस तेव्हा जिवंत होत्या आणि पुढे १९७८ पर्यंत जगल्या.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कार्टरच्या कामाच्या दोन्ही बाजू दिसतात. विसरलेलं पुस्तक वर काढणं हे पुण्याचं काम खरं. पण लेखक मेलाय असं गृहीत धरून चालणं सोयीचंही असतं, आणि त्या सोयीची किंमत कधीकधी लेखकालाच मोजावी लागते.

आणि मग दुकान बंद झालं

कार्टरच्या मालिकेत नवे लेखकही आले. कॅथरीन कर्ट्झ या तरुण लेखिकेची पहिलीच कादंबरी, डेरिनी रायझिंग, १९७० मध्ये इथेच आली. जॉय चँट ही ब्रिटिश लेखिकाही अमेरिकन वाचकांना इथेच भेटली.

पण धंद्याचं गणित वेगळं असतं. १९७३ मध्ये बॅलंटाइन बुक्स रँडम हाउस या बड्या कंपनीने विकत घेतली. इयान आणि बेटी पुढच्या वर्षी बाहेर पडले. एप्रिल १९७४ मध्ये डन्सेनीच्या कथांचा संग्रह आला आणि तेच या मालिकेचं शेवटचं पुस्तक ठरलं.

यातली गंमत म्हणा किंवा दैवाचा खेळ. त्यानंतर बॅलंटाइनच्या फँटसीची सूत्रं ज्याच्याकडे गेली तो लेस्टर डेल रे कार्टरच्या ओळखीतलाच होता. दोघंही न्यूयॉर्कमधल्या ट्रॅप डोअर स्पायडर्स या जेवणाच्या क्लबचे सभासद. याच क्लबवरून आयझॅक असिमोव्हने ब्लॅक विडोअर्सच्या रहस्यकथा रचल्या. त्यातला चित्रकार मारिओ गोंझालो कार्टरवरून बेतलाय आणि इमॅन्युएल रुबिन डेल रेवरून.

डेल रेची वाट वेगळी होती. जुनं उकरण्यापेक्षा टॉल्किनच्या धाटणीची नवी, जाडजूड पुस्तकं छापायची. १९७७ मध्ये आलेल्या टेरी ब्रुक्सच्या द स्वोर्ड ऑफ शनाराने खपाचे विक्रम केले. आज फँटसीच्या कपाटात ज्या पाच-सात भागांच्या मालिका दिसतात, त्यांची रीत तिथून रुळली. छोट्या कथेतून लेखकाची चव घेण्याची सवय मात्र मागे पडत गेली.

चांगला संपादक, पण आरशासमोर घसरायचा

मालिका गेली तरी कार्टरने संग्रह काढणं सोडलं नाही.

तलवारबाजीच्या फँटसी लिहिणाऱ्या आठ लेखकांची एक गमतीदार मंडळी त्याने साठच्या दशकात जमवली होती, सागा नावाची. पॉल अँडरसन, फ्रिट्झ लायबर, अँड्रे नॉर्टन, जॅक व्हॅन्स, मायकेल मूरकॉक, जॉन जेक्स, एल. स्प्रेग द काम्प आणि तो स्वतः. या मंडळींच्या नव्या कथांचे फ्लॅशिंग स्वोर्ड्स हे संग्रह १९७३ पासून निघाले. फँटसी लेखकांसाठी गँडाल्फ पुरस्कारही त्याने सुरू करवला. पहिला पुरस्कार १९७४ मध्ये टॉल्किनला, मृत्यूनंतर.

१९७५ पासून डॉ बुक्ससाठी तो वर्षभरातल्या सर्वोत्तम फँटसी कथांचा वार्षिक संग्रह काढू लागला. असे सहा खंड त्याने केले.

आणि इथेच त्याचा तोल गेला. वर्षातल्या सर्वोत्तम कथांमध्ये कार्टरची स्वतःची कथा वारंवार दिसायची. ग्रेल अंडविन नावाच्या लेखकाच्या कथाही असायच्या आणि हा अंडविन म्हणजे टोपणनावातला कार्टरच. हॉवर्ड किंवा स्मिथच्या मागे राहिलेल्या कच्च्या मसुद्यांवर कथा रचून त्यांच्या नावाशेजारी आपलं नाव लावायचीही त्याला हौस होती. समीक्षकांनी यावरून त्याला चांगलंच धारेवर धरलं.

त्याच्या स्वतःच्या लिखाणाचं दुखणंही तेच. डझनावारी पुस्तकं लिहिली, पण थाँगॉरमध्ये हॉवर्ड दिसायचा, कॅलिस्टोच्या मालिकेत बरोज, इतर कथांत कधी डन्सेनी तर कधी लव्हक्राफ्ट. ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांच्याच आवाजात तो आयुष्यभर बोलत राहिला. त्याचा स्वतःचा आवाज फारसा कुणाला ऐकूच आला नाही.

तरीही त्याच वार्षिक संग्रहाच्या पहिल्या खंडात घडलेली एक गोष्ट त्याच्या खात्यात जमा करायलाच हवी.

चार्ल्स सॉन्डर्स हा कॅनडात स्थायिक झालेला कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक. तोवर तलवारबाजीच्या फँटसीत आफ्रिका दिसलीच तर बहुतेक गोऱ्या नायकाच्या मागचा पडदा म्हणून. सॉन्डर्सने आफ्रिकी संस्कृतींवर बेतलेली भूमी रचली आणि इमारो नावाचा काळा नायक उभा केला. या कथा डार्क फँटसी नावाच्या एका छोट्या हौशी मासिकात यायच्या. त्यातला एक अंक कार्टरच्या हाती पडला आणि त्याने इमारोची कथा थेट पहिल्या खंडात घेतली.

ती कथा डॉ बुक्सचा मालक डोनाल्ड वॉलहाइमच्या नजरेत भरली. त्याने सॉन्डर्सला इमारोवर कादंबरी करायला सुचवलं. ती १९८१ मध्ये आली. आफ्रिकेत मुळं असलेल्या फँटसीचा विषय निघाला की आज सॉन्डर्सचं नाव मानाने घेतलं जातं.

एका अनोळखी माणसाची वीस-तीस पानं योग्य संग्रहात पडली, की काय होऊ शकतं ते हे.

शेवटची वर्षं

डॉ बुक्सचा वार्षिक संग्रह सहाव्या खंडानंतर दुसऱ्या संपादकाकडे गेला. कार्टरने मग लहानपणीच्या लाडक्या वियर्ड टेल्सला पुन्हा उभं करायचा प्रयत्न केला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तकाच्या आकारात त्याचे चार अंक निघाले आणि तेही थांबलं. खिमिरियम नावाचं स्वतःचं महाकाव्यासारखं मोठं पुस्तक लिहायचं स्वप्न तो वर्षानुवर्षं सांगत होता. ते पूर्ण झालंच नाही.

त्याचं दुसरं लग्न १९७५ मध्ये मोडलं होतं. दारू आणि सिगारेटने शरीर पोखरलं होतं. १९८५ मध्ये तोंडाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण चेहरा विद्रूप झाला. तशाही अवस्थेत तो लिहीत राहिला. थोड्याच काळात आजार उलटला. ७ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरमध्ये तो गेला. वय अवघं सत्तावन्न.

कार्टरने शिकवलेली रीत आजही चालते

त्याच्या कादंबऱ्या आज थोडेच जण वाचतात. पण डन्सेनी, मर्लीस, वॉल्टन, स्मिथ ही नावं आज फँटसीच्या कुठल्याही गंभीर यादीत असतात. त्यांना वाचणाऱ्या पुढच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या हातात ती पुस्तकं पहिल्यांदा आली, तेव्हा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात शिंगवाला घोडा होता.

आणि अनोळखी लेखक निवडायची त्याची रीत तुम्हालाही वापरता येईल.

संग्रह घ्या, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायलाच हवा असं नाही. आधी संपादकाची प्रस्तावना आणि टिपणं वाचा, म्हणजे कोण कशासाठी आहे ते कळेल. ज्याचं नाव ओळखीचं आहे त्याची कथा आधी वाचा. त्यावरून संपादकाची आवड तुमच्याशी जुळते का ते कळतं. मग अनोळखी नावांकडे वळा. कथा पकड घेत नसेल तर बिनधास्त पुढची उघडा. आवडलेल्या लेखकाचं नाव लिहून ठेवा आणि शक्य असेल तर त्याची आणखी एखादी कथा शोधा. दुसरीही आवडली, तर मग खुशाल त्याची सात भागांची मालिका मागवा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. छोट्या कथेत चमकणारा प्रत्येक जण मोठ्या कादंबरीत टिकतोच असं नाही. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथचं नाव झालं ते कथांवर, त्यामुळे त्याचे कथासंग्रहच वाचायचे. उलट एखाद्या कादंबरीकाराची कथा फिकी निघाली, म्हणून त्याला कायमचं बाद करू नका.

आणि संपादकाने स्वतःचीच कथा संग्रहात घातलेली दिसली तर ती सगळ्यात शेवटी वाचा. हेही कार्टरनेच शिकवलंय, फक्त नकळत.